कोळशाच्या मोटारीवरचा गॅसवाला

ये गं, इकडे ये. अशी दारात उभी राहू नकोस, जवळ बस. तू बसलीस असं धरूनच मी लिहायला घेतलंय, कारण खरी तू काही येत नाहीस. शेलूहून चौक म्हणजे काय परमुलूख आहे? फोन केला की तुझी पन्नास कामं. ते असो. आज मी रागावलेय ती न येण्यावरून नाही, हसण्यावरून.

परवा तुझ्या भाच्याच्या बारशाला तुझ्या आईनं तिची ठरलेली गोष्ट सांगितली. "मी पाच दिवसांची असताना एका वेड्यानं मला उचलून पावसात नेलं होतं, म्हणून मी अशी तिरसट." सगळा हॉल हसला. तू तर डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसलीस. आणि मीही हसले. मी तर ती जन्मल्यापासून हसत आलेय. पण परवा घरी आले तेव्हापासून कुठे जीव लागत नाही. भाजी निवडायला बसते, उठते. आडवी होते, पुन्हा उठते. ओट्यावर जाऊन रस्त्याकडे बघते, तर तिथे कुणीच नसतं.

तो वेडा नव्हता गं. चक्रम होता, ते मी नाकबूल करत नाही, सांगणारच आहे. पण वेडा नव्हता. आणि हे ठाऊक असलेलं माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

तेव्हा ती जर्मन-जपानची लढाई चालू होती. पेट्रोल सगळं मिलिटरीला. आपल्या दारावरून मिलिटरीच्या गाड्या घाटाकडे जायच्या, एकीची धूळ खाली बसायच्या आत दुसरी. आणि आमची चौक-कर्जत सर्व्हिस मोटार चालायची कोळशावर. खरंच सांगते. मोटारीच्या पाठीला माणसाएवढं लोखंडी पिंप बसवलेलं. त्यात लाकडी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा, हातानं पंखा फिरवायचा, की त्यातून गॅस निघून नळीनं इंजिनात जायचा. त्या प्रकाराला म्हणायचे गॅस प्लांट, आणि तो सांभाळणारा तो गॅसवाला. त्याला नाव असणारच, पण आमच्यात कुणी विचारलं नाही. घाटावरचा होता. बोलायला लागला की कळायचं.

आपलं घर मोटार थांबायची तिथेच, रस्त्याला लागून. तुझे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, डोंगरातल्या कातकऱ्यांकडून कोळसा घेऊन मोटारीला पुरवायचे. ढीग आमच्या पडवीत. तुझे आजोबा मुंबईला गोदीत कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. घरात सासू-सासरे आणि मी. कोळसा फोडायचं नि चाळायचं काम माझं. तुकडा सुपारीपेक्षा मोठा नि लिंबापेक्षा लहान पाहिजे. चुरा राहिला की पिंप तुंबायचं, मोठा गोळा राहिला की मध्ये पोकळी पडायची. दोन्ही झालं की मोटार खिंडीच्या चढावर बसायची आणि पासिंजर उतरून ढकलायचे. मग गॅसवाला परत येऊन मला विचारायचा, "सूनबाई, काल तुमी रुसला हुता का कुणावर? कोळसा बगा कसा फोडलाय."

त्याचं कोळशाचं वेड भारी. दोन तुकडे घेऊन कानाशी एकमेकांवर वाजवायचा. खणखणीत वाजला तर टोपलीत, बद्द वाजला तर फेकून. कधी कधी जिभेला लावून बघायचा, तेवढ्यानं त्याचे दात नेहमी काळे. एकदा एक कातकरीण म्हणाली, "खातोस काय रं कोलसा? घरी भाकर नाय का?" तर हा म्हणतो, "भाकरीत एवडी चव न्हाय." ती आठवडाभर डोंगरात सगळ्यांना सांगत सुटली.

पिंपाला तो थोरली म्हणायचा आणि इंजिनाला धाकटी. "थोरली जेवल्याबिगर धाकटी काम करत न्हाय, आमच्या घरातली रीतच हाय ती." सकाळी पंखा फिरवून फिरवून मग नळीच्या तोंडाशी पेटती काडी धरायची. ज्योत पिवळी आली, फडफडली, की म्हणायचा, अजून किरकिर करतीया. निळी आणि शांत झाली की डायवरला ओरडायचा, "बस आता, थोरली राजी हाय." लोक मुद्दाम ते ऐकायला थांबायचे.

आणि हा माणूस कधी बसायचा नाही. चहा उभ्यानं, भाकरी उभ्यानं. एका हातात भाकरी, तिच्यावर चटणी, आणि पिंपाभोवती फेऱ्या. मोटारीतही मागच्या पायरीवर उभा. सासरे म्हणायचे, "आरं बस की जरा, तुझ्या पायांनी आमच्या अंगणात चर पडला." तो हसायचा आणि दुसऱ्या बाजूनं फिरायला लागायचा. त्याला बघून बघून आपल्यालाच पायात कळ यायची.

तिसरी खोड दारांची. कुणाच्याही घरी गेला की आधी दार सताड उघडायचा, मग खिडकी, मग बोलायला सुरुवात. थंडी असो नाही तर पाऊस. हॉटेलवाल्याचं तर त्यानं छपराचं कौल सरकवलं होतं, वारा पाहिजे म्हणून. आमच्या पडवीचीही दोन कौलं काढली आणि नेमकी त्या दुपारी अवकाळी सर आली. चार पोती कोळसा भिजला. सासूबाईंनी त्याला उभा-आडवा झोडपला, "कोलसा वल्ला झाला की तूच बोंबलतंस, आनि कौलाबी तूच काढतंस! तुला काय म्हनावं?" तो मान खाली घालून म्हणाला, "वयनी, वला कोळसा वाळवता येतो." पुढचं वाक्य त्यानं गिळलं, हे मला तेव्हाच जाणवलं.

नमस्कार-चमत्कार त्याला ठाऊक नव्हता. भेटेल त्याला विचारायचा, "डोकं दुखतंय का?" म्हातारं असो, पोर असो, फौजदार असो. लोक टिंगल करायचे. "नवतं दुखत गॅसवाले, तुमाला बघितलं नि ठनका लागला." मोटारीत मागच्या बाकावरच्या बायकांना तर दर मैलाला विचारायचा, कारण प्लांट त्यांच्या पाठीशी. एकीनं त्याला कुंकवाची शपथ घालून सांगितलं होतं की आता पुन्हा विचारलंस तर चप्पल काढीन.

मीच एकदा धीर करून विचारलं. मला तेव्हा चौथा महिना होता. म्हटलं, "तुमी सगल्यांना डोकं दुखतं का असं का इचारता?"

तो फेऱ्या घालता घालता बोलला, माझ्याकडे न बघता. "माजा धाकला भाव हुता ह्याच धंद्यात. माज्याच संगं. पावसाचं दिस, म्हून त्यानं ग्यारेजचं दार लावून आत प्लांट पेटवला. मी च्या घेऊन आलो तर भिताडाला टेकून बसल्याला. गाल असं लाल, नवऱ्या मुलासारकं. मला वाटलं दमून झोपलाय. मी त्येच्या शेजारी बसलो, माजा च्या प्यालो. त्येचाबी निवाय लागला म्हून त्योबी प्यालो. मग हालवलं."

मी कोळसा फोडायचं थांबवून ऐकत होते. तो म्हणाला, "धुराला वास असतो सूनबाई, माणूस खोकतं, पळतं. कोळसा लालबुंद पेटला की धूर न्हाय, वास न्हाय. आनि गॅस तर त्येच वेळी निघतो. नुसतं डोकं जड हुतं. तेवडंच त्येचं बोलणं."

हे त्यानं मला सांगितलं. सगळ्या गावात मला एकटीला. हे लक्षात ठेव, पुढचं सगळं यावर आहे.

तुझी आई झाली ऐन आषाढात. आठ दिवस सूर्य नाही, लाकडं ओली, कपडे वाळत नाहीत. बाळंतिणीची खोली म्हणजे आतली अंधारी. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून झरोक्यात गोधडी कोंबलेली, दाराच्या फटीला पोतं. बाजेखाली शेकायला शेगडी. पहिले चार दिवस ओल्या लाकडाचे निखारे, त्यांचा असा धूर व्हायचा की सासूबाई कावून दार किलकिलं करायच्या. मी खोकायचे, तुझी आई रडायची, आणि त्या म्हणायच्या, "माझी नात धुरानं कालवंडली."

पाचव्या दिवशी पाचवीची पूजा. त्यांनी प्रेमानं ठरवलं की आज नातीला त्रास होऊ द्यायचा नाही. पडवीत गेल्या आणि गॅसवाल्याच्या टोपलीतला, त्यानं वाजवून वाजवून निवडलेला कोळसा दोन शेगड्या भरून आणला. मीच फोडलेला तो. असा फुलला की काय सांगू! धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत. एक शेगडी बाजेखाली, एक पोरीजवळ. म्हणाल्या, "बग कसा सोन्यासारका हाय. धूर नाय म्हंजे बाधा नाय." आणि दार घट्ट लावून पोतं नीट सारखं करून गेल्या.

छान ऊब आली. चार दिवसांत पहिल्यांदा पोर शांत झाली. मग माझं कपाळ आवळल्यासारखं झालं. मला कळलं होतं गं. अगदी स्पष्ट मनात आलं, हे तेच आहे, तो म्हणतो ते. उठायला पाहिजे. पण उठायची गरज वाटेना. कुणाला तरी हाक मारू, जरा वेळानं मारू, असं. पाय माझे नव्हतेच. कुशीत पोर होती, तीही दुसऱ्या कुणाची असावी असं वाटत होतं. त्यानंतरचं मला आठवत नाही, ते नंतर डायवरनं सांगितलं.

मोटार कर्जतच्या आगगाडीसाठी निघायची होती. पासिंजर पावसातून पडवीत येऊन उभे. गॅसवाला पंखा फिरवत होता. सासूबाई ओट्यावर शेजारणीला कौतुक सांगत होत्या, "आज शेक चांगला लागला. दोगींचे गाल बग जाऊन, कशे लाल झालेत. सकालपास्नं चिडीचूप हायत. पोरगी रडली पन नाय."

त्यानं पंख्याची मूठ सोडली. "कसला कोळसा घातलाय वयनी?" त्या म्हणाल्या, "तुमचाच की, वाजनारा."

तो धावला. सासूबाई दारात दोन्ही हात पसरून आडव्या झाल्या. "अवो, बालंतीन हाय आत! पाचवी हाय आज! बाप्यानं नाय जायचं!" त्यानं त्यांना ढकललं. त्या कोळशाच्या ढिगावर पडल्या, कोपर फुटलं. दाराला लाथ घातली, शेगडी उचलून हाताला भाजत अंगणात भिरकावली, दुसरीही. मला गोधडीसकट ओढत पडवीत आणलं. मग पोरीला उचललं आणि पडवीच्या कडेला जाऊन वाऱ्यात धरली, तोंडावर पागोळ्या पडत होत्या. तळपायांवर टिचक्या मारत होता. डायवर सांगायचा, पोर लाल होती आणि हलत नव्हती, आणि गॅसवाला पहिल्यांदाच एका जागी उभा होता.

मग ती रडली.

ती रडली आणि लोक भानावर आले. तोवर कुणाला सुचतच नव्हतं. आता सगळ्यांना दिसलं काय, तर परका पुरुष, पाचवीच्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत शिरलेला. सून उघड्या अंगानं पडवीत पडलेली, सासूच्या कोपरातून रक्त, पाच दिवसांचं पोर पावसात. पासिंजरांनी त्याला धरून मारला. मला शुद्ध आली ती त्या आवाजानं. तो मार खात ओरडत होता, "मारा! मारा, पन दार उघडं ठेवा!"

मी ओकत होते. डोकं फुटायला आलं होतं. सासऱ्यांनी मला विचारलं, सगळ्यांच्या देखत, "सूने, सांग. यानं काय केलं?"

आता ऐक. मला सगळं ठाऊक होतं. कोळसा, गॅस, त्याचा भाऊ, लाल गाल. एक वाक्य बोलायचं होतं. समोर सासूबाई बसल्या होत्या, कोपर धरून, आणि माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं की त्यांनाही उमगलंय. मी बोलले असते तर गाव म्हणालं असतं की सासूनं सुनेला नि नातीला कोंडून मारायला घेतलं होतं. मुलगी झाली म्हणून, असंही कुणी जोडलं असतं. आणि त्या बाईनं तर मायेनं केलं होतं. मी एकोणीस वर्षांची. मी पदर तोंडावर ओढला आणि गप्प राहिले.

गप्प राहण्याचा अर्थ लोकांनी लावायचा तो लावला.

सासऱ्यांनी मोटारमालकाला निरोप दिला, हा माणूस राहिला तर कोळसा मिळणार नाही. त्याच दुपारी त्याची वळकटी रस्त्यावर आली. तो खालापूरच्या दिशेनं चालत गेला, भर पावसात, भाजलेला हात छातीशी धरून. मी झरोक्यातून बघितलं. झरोक्यात आता गोधडी नव्हती. सासूबाईंनी काढली होती. त्या दिवसापासून आपल्या घरात बाळंतिणीला कोळशाची शेगडी लागली नाही. त्या विटा चुलीत तापवून फडक्यात गुंडाळून द्यायच्या.

चार दिवसांत गावात कुजबुज सुरू झाली. गॅसवाला नि सून पडवीत बोलत असायचे म्हणे, वगैरे. तेव्हा सासूबाई पाणवठ्यावर मोठ्यानं म्हणाल्या, "यडा हुता ओ तो. कोलसा खायचा, दारा उघडायचा. यड्याचं काय मनावर घेता?" लोक हसले. आणि ते बरोबर बसलं सगळ्यांना. माझी अब्रू वाचली, त्यांची वाचली, नि तो वेडा झाला. ती गोष्ट मग घरात राहिली, तुझ्या आईच्या तोंडी आली. मी आणि सासूबाई तीस वर्षं एका चुलीशी बसलो, त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नाही.

तो गेल्यावर मोटार चालेना. डायवर पंखा फिरवून घामाघूम, काडी धरली की ज्योत पिवळी, नाही तर भपकन विझायची. दोन वेळा कर्जतची गाडी चुकली, पासिंजर शिव्या देऊन परत. सव्वा महिना झाल्यावर मी सासऱ्यांना म्हटलं, मी पेटवून देते. ते बघतच राहिले. पण मोटार बंद म्हणजे आमचा कोळसाही बंद. मग रोज सकाळी मी प्लांट पेटवायचे, पदर खोचून. मी दोन वर्षं रोज त्याचा हात बघितला होता. राख किती पाडायची, सळई कुठून घालायची, गॅसच्या गाळणीतला काथ्या कधी झटकायचा. पहिल्या दिवशी ज्योत निळी आली तेव्हा डायवर ओरडला, "वयनी, जमला की!" आणि मला रडू कोसळलं. त्याला वाटलं, आनंदानं.

हाती ते काम आल्यावर मला आणखी एक गोष्ट कळली. मीही बसेनाशी झाले. बसलं की वाटायचं, कुठे तरी दार बंद आहे.

तुझी आई दीड वर्षाची असताना सासूबाईंबरोबर कर्जतला बाजाराला गेले होते. स्टेशनाबाहेर मोटारी उभ्या असायच्या तिथे एका दुसऱ्याच मोटारीच्या पाठीशी तो दिसला. वाळला होता. उजव्या तळव्याची कातडी ओढल्यासारखी. मला बघितलं आणि एकदम पुढे आला, मग सासूबाई दिसल्या, थांबला. चार हातांवर उभा. नजर पोरीवर. ती माझ्या कडेवर होती, काकडी खात.

म्हणाला, "रडती का चांगली?"

मी म्हटलं, "लय रडते."

"रडू द्या," म्हणाला.

सासूबाईंनी माझा दंड धरला होता, ओढत नव्हत्या, नुसता धरला होता. मला वाटतं, त्या वाट बघत होत्या, मी बोलते का. नाही तर स्वतः बोलायचं बळ यावं म्हणून. माझ्या ओठांवर आलं होतं. बाजार भरलेला, चार लोक ओळखीचे. तेवढ्यात त्याच्या डायवरनं हाक दिली. तो मागच्या पायरीवर चढला, उभाच, आणि मोटार नेरळकडे गेली. पुढे लढाई संपली, पेट्रोल आलं, पिंपं भंगारात गेली. त्या माणसांचं काय झालं कुणास ठाऊक. मी येणाऱ्या जाणाऱ्या डायवरांना विचारत राहिले बरीच वर्षं. एकानं सांगितलं पनवेलला बघितला, एकानं सांगितलं घाटावर गेला. नक्की कुणाला सांगता आलं नाही.

आता तुला कळलं, मी का रागावले ते. तुझ्यावर नाही गं, माझ्यावरच. तुझी आई आहे, तू आहेस, परवा पाळण्यात होतं ते पोर आहे, ती सगळी माणसं त्या गॅसवाल्यामुळे हॉलमध्ये बसून त्याला हसत होती, आणि मी त्यांच्यात बसून हसत होते.

हे कागद आईला वाचून दाखवू नकोस. फोनवरही सांगू नकोस. तिला घेऊन ये इकडे, लवकर, पुढची कामं राहू देत. मला तिला समोर बसवून माझ्या तोंडानं सांगायचंय, सासऱ्यांनी तेव्हा विचारलं होतं त्याचं उत्तर. रोज मनात वाक्य जुळवते, सुरुवातीलाच अडते. तुम्ही दोघी आलात की जमेल. या गं.